मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या जागेवर घर बांधायचंय, औषधांच्या शेडखालची माती कशी तपासावी?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची सव्वादोन एकर द्राक्षबाग होती. बाग काढली, अँगल-तारा विकल्या. आता जागा एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे, त्यातले बांधाकडेचे दोन आपल्या घरासाठी ठेवायचे, असं आम्हा भावांचं ठरलंय. औषधांची जुनी शेड आणि फवारणीचं औषध कालवायचा हौद नेमका त्याच दोन प्लॉटांवर आहे.

हौदाच्या प्लास्टरवर अजून मोरचुदाचा निळसर-हिरवा थर आहे. जिथे ब्लोअरची टाकी धुवायचो, तिथे चार हात जागेत गाजरगवतसुद्धा उगवत नाही. परवा शेड रिकामी करताना कोपऱ्यात दोन फाटक्या गोण्या निघाल्या. आत राखाडी पावडरीचे गोळे आणि कुबट, डोक्यात जाणारा वास. वडील म्हणाले, ही आजोबांच्या वेळची बीएचसी, कीड मारायची पावडर, भाजीपाल्यावर धुरळायचो. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, शेतीतल्या डीडीटीवर त्याआधी १९८९ मध्ये. एंडोसल्फान तर २०११ च्या बंदीपर्यंत आमच्या शेतात पडत होतं.

माझी पुतणी चार वर्षांची आहे. दिवसभर मातीत खेळते, तेच हात तोंडात घालते. म्हणून हे लिहितोय.

एका प्रयोगशाळेत माती देऊन आलो. आठवड्याने सामू, नत्र, स्फुरद, पालाश यांचा कागद मिळाला, औषधांबद्दल एक अक्षर नाही. इकडे प्लॉटिंगवाले पंधरा दिवसांत जेसीबी लावतो म्हणतात. मला धास्ती त्याचीच आहे. एकदा जेसीबी फिरला की शेडखालची माती सगळ्या प्लॉटांवर पसरणार. मग खराब जागा नेमकी कुठे होती ते कुणालाच सापडणार नाही, आणि प्लॉट घेणाऱ्यांची पोरं त्याच मातीत खेळणार.

नमुने कसे घ्यायचे, प्रयोगशाळेला नेमकं काय मागायचं, आणि माती खराब निघाली तर पुढे काय? शिवाय डीडीटीसाठी अमेरिकेच्या ईपीएचा (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) राहत्या जागेच्या मातीसाठीचा आकडा किलोला १.९ मिलिग्रॅम दिसतो, न्यूझीलंडचा ७०. एवढा फरक का?

प्रतिसाद

जेसीबी आधी थांबवा. बाकी सगळं त्यानंतर.

माती तपासणीच्या कामात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगतो. सव्वादोन एकरांचा एकच मिश्र नमुना करू नका, शेडखालचं विष त्यात पातळ होऊन दिसेनासं होईल. बागेच्या भागात चार-पाच ठिकाणची बोदाची (वेलींच्या ओळीतल्या उंचवट्याची) माती मिसळून एक नमुना चालेल. शेडची जमीन, हौदाची कड, टाकी धुवायची जागा आणि सांडपाणी जिथे मुरायचं ती चारी, इथले नमुने मात्र सुटे ठेवा. ०-१५ आणि १५-३० सेंमी वेगळे घ्या, हौदापाशी मुरूम लागेपर्यंत खाली जा. दर खड्ड्यानंतर खुरपं धुवा. माती प्लास्टिकच्या पिशवीत नको, काचेच्या बरणीत भरून बर्फाच्या डब्यात पाठवा. विहिरीचं पाणीही द्या.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी आणि ती मान्यता मातीतल्या कीटकनाशक अंशांसाठी आहे ना, हे विचारा. बीएचसीचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे चारही प्रकार मागा. बीटा सगळ्यांत चिवट असतो, नुसता गॅमा तपासला तर तो निसटतो. डीडीटीबरोबर डीडीई आणि डीडीडी, एंडोसल्फानबरोबर एंडोसल्फान सल्फेट, म्हणजे मूळ औषध मातीत जुनं होताना त्यातून बनणारे पदार्थही मागा. डीडीईपेक्षा डीडीटीच जास्त निघालं तर जवळपास पावडर सांडलेली असण्याची शक्यता धरा. तांबंही मोजा. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचं) तांबं कुजत नाही, बोदात साठत जातं, पण त्याचा त्रास माणसापेक्षा गांडुळांना आणि झाडांना जास्त. पुतणीसाठी खरी काळजी त्या गोण्यांची.

आकड्यांचं असं आहे की ईपीएचा १.९ हा चाळणीचा आकडा आहे. दहा लाखांत एक इतक्या कर्करोगाच्या धोक्यावर तो काढलाय. त्याच्या वर गेलात म्हणजे आणखी तपासणी करायची, लगेच माती उपसायची असा त्याचा अर्थ नाही. न्यूझीलंडचा ७० वेगळ्या हिशोबाने येतो, त्यात घरात खाल्लेल्या भाजीपाल्याचा दहावा हिस्सा अंगणातला धरलाय. घर स्वतःचं आहे, मूल लहान आहे. तुमच्या जागी मी कडक आकडा धरीन.

गोण्या जाळू नका, पुरू नका, ओढ्यात तर नकोच. हातमोजे, मास्क घालून दुहेरी जाड पिशवीत बांधा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. असला कचरा रांजणगाव, तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रांवरच जातो. शेडखालची माती जास्त खराब निघाली तर तेवढीच उकरून ताडपत्रीवर ठेवा, वरूनही झाका, आणि खड्ड्याच्या तळाचे व भिंतींचे नमुने पुन्हा तपासा. ते स्वच्छ आल्याशिवाय खड्डा बुजवू नका. बाकी भागात थोडेफार अंश असतील तर रस्ता आणि पार्किंग तिथे घ्या, किंवा कापड अंथरून वर दीड फूट बाहेरची तपासलेली माती टाका. आणि अहवाल प्लॉट घेणाऱ्यांनाही दाखवा.

धागाकर्ता

खूप आभार. कालच वडिलांना आणि दोन्ही भावांना बसवून हे सगळं वाचून दाखवलं. प्लॉटिंगवाल्यांना अहवाल येईपर्यंत थांबायला सांगितलंय, ते नाराज आहेत. आज सकाळी शेड, हौद आणि चारी धरून फक्कीची रेघ मारली आणि काटेरी तार ओढून घेतली. एक विचारायचं राहिलं: वळवाचा पाऊस कधीही येईल असं दिसतंय. नमुने त्याआधीच घ्यावेत का, आणि तोवर शेडची जमीन ताडपत्रीने झाकली तर चालेल का?