प्र: जुन्या पुशरॉडवाल्या बुलेट 350 चा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) 90 वरून 95 मिमी करायचाय, मोठ्या व्हॉल्व्हचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) बघून ठेवलंय. हेड आधी की पिस्टन?
आधी पिस्टन. हेड आधीच बघून ठेवलंय म्हणताय, म्हणून सांगतो.

स्ट्रोक 5 मिमी वाढला की टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) पिस्टन 2.5 मिमी जास्त वर येतो, उरलेले 2.5 खाली जातात. (पाच नाही, घोळ इथेच होतो.) म्हणजे पिनपासून क्राऊनपर्यंतची (पिस्टनच्या माथ्यापर्यंतची) उंची 2.5 मिमी कमी असलेला पिस्टन घ्या. त्याऐवजी बॅरलखाली (सिलिंडरखाली) प्लेट टाकलीत तर पुशरॉडही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) प्लेटच्या जाडीइतके जास्त लांब लागतील. बीडीसीला (पिस्टन सर्वात खाली असताना) स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची कड, फ्लायव्हीलला घासत नाही ना, हे हाताने क्रँक फिरवून बघाच.

70 मिमी बोअरवर (सिलिंडरच्या व्यासावर) साधारण 366 सीसी होतात. चेंबर (टीडीसीला पिस्टनच्या वर उरणारी जागा) 46 सीसी ठेवलात तर कॉम्प्रेशन रेशो 8.9:1. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एअरकूल्ड इंजिनाला तेवढं बास. चेंबर ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने द्रव भरून) मोजा, अंदाजाने नको.

हेड मूळचंच ठेवा. साडेपाच टक्के सीसीसाठी पोर्ट मोठे केलेत तर खालचा टॉर्क जाईल. व्हॉल्व्हच्या सीट नीट कापून घ्या. क्राऊनवर क्ले लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला 2, एक्झॉस्टला 2.5 मिमी गॅप आहे ना ते तपासा.

आणि सीसी बदलणं कायद्याने चालतं का, ते आरटीओत आधी विचारा.