'अलीजंट' : पहिल्या भागानं कमावलं ते तिसऱ्यानं घालवलं

पारसिकवारा (नेरूळ)
व्हेरॉनिका रॉथच्या 'डायव्हर्जंट' मालिकेतला तिसरा भाग, 'अलीजंट' (२०१३), भाचीच्या आग्रहाखातर वाचला. पुढे शेवट उघड केलाय, वाचायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

नायिका ट्रिस मरते याचा मला राग नाही. पहिल्या भागात (२०११) शिकागोची माणसं स्वभावानुसार पाच गटांत वाटलेली असतात आणि ही पोरगी एका गटात मावत नाही. ते वाचताना अंगावर काटा आला होता. तिसऱ्या भागात ती कुंपणाबाहेर जाते तेव्हा कळतं, शहर म्हणजे जनुकांचा प्रयोग आणि ही वेगळी, कारण हिची जनुकं 'शुद्ध'! म्हणजे तिचं धाडस, तिचा हट्ट, सगळं रक्तातूनच आलं म्हणायचं का? जन्मावरून माणसाची प्रत लावणं काय असतं ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. लेखिकेला ते मान्य नाही हे दिसतं, पण तिनं कथेचा पायाच त्यावर बांधला.

प्रेमकथेचं तर फार वाईट वाटलं. ट्रिस आणि टोबायस आळीपाळीनं बोलतात, पण प्रकरणावरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. दोन माणसांचं प्रेम असं कसं रंगणार?

सेक्टरवाली (कोपरखैरणे)
ताई, जनुकांचा मुद्दा मला पटला नाही. टोबायसची जनुकं 'सदोष' निघतात आणि तो त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. त्याच भरात नीटा नावाच्या बंडखोर बाईच्या कटात सामील होतो आणि त्यातल्या स्फोटापायी त्याचा मित्र युराया जातो. शिक्का माणसाला कसा आतून पोखरतो, ते यातून दिसतं. ट्रिस तो शिक्का मानत नाही.

मी इथेच वाढले. शाळेत बैठ्या घरांतली मुलं एका बाजूला आणि टॉवरमधली दुसऱ्या बाजूला बसायची, कुणी बसवलं नसतानाही. पंधराव्या वर्षी ही मालिका वाचली तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय असं वाटलं.

चेंदणी (ठाणे)
शेवटाबद्दल बोलतो. भाऊ कॅलेबनं दगा दिलेला, तरी ट्रिस त्याच्याऐवजी स्वतः मरणाच्या दारात जाते. पहिल्या भागात तिचे आईवडील तिच्यासाठी गेले होते, तिथून हा धागा आलाय. किशोरांच्या कादंबरीत एवढी हिंमत क्वचितच कुणी करतं.

पारसिकवारा
चेंदणीदादा, मरणाचं मोल मान्य. पण ती मरते कशासाठी? ब्यूरो, म्हणजे शहरावर प्रयोग करणारी सरकारी संस्था, शिकागोच्या लोकांची स्मृती औषधानं पुसणार असते तेव्हा ते पाप आणि आपली मंडळी तेच औषध ब्यूरोवर सोडतात तेव्हा तो विजय? हे मला भाचीला समजावता आलं नाही.

लोकलप्रवासी (कळवा)
सिनेमाही अर्धवटच राहिला. २०१६ साली तिसऱ्या भागाचा पूर्वार्ध आला, उत्तरार्ध निघालाच नाही.

सेक्टरवाली
स्मृतीच्या औषधाबाबत टोबायसचा प्रसंग विसरू नका. आईवर, एव्हलिनवर, ते वापरायची सोय त्याच्या हातात असते. तरी तो तिला विचारतो, निवड तिच्यावर सोडतो आणि ती शहरातली लढाई थांबवते. दुसरी वाट असते, हे लेखिकेनं दाखवलंय.

पारसिकवारा
तो प्रसंग पुस्तकातला सगळ्यात चांगला, त्यात वाद नाही. म्हणूनच तर चीड येते! एव्हलिनला विचारलं. ब्यूरोतल्या स्वयंपाक्याला, सफाईवाल्याला कुणी विचारलं? त्यांनाही घरदार होतं, आठवणी होत्या. ट्रिसच्या शोकाला लेखिका पानंच्या पानं देते, यांच्यासाठी पुरेशी थांबत नाही.

सेक्टरवाली
ब्यूरोचा हल्ला काही तासांवर आला होता, ताई. विचारत बसायला वेळ कुठे होता?