अनुभव धागा: जंगलातल्या लढाईत तरुण ऑफिसरचा रोजचा दिवस

धागाकर्ता, विजापूर रोड
भाचा लेफ्टनंट झालाय, इन्फंट्री, पहिलंच पोस्टिंग पूर्वेकडं. फोनवर 'मस्त चाललंय' याच्यापुढं गडी बोलत नाही आणि ताई मला विचारते की पोरगं दिवसभर करतं तरी काय. सोलापुरात माजी सैनिक भरपूर आहेत, म्हणून धागा काढला. गोळीबाराचे किस्से नकोत, रोजचं सांगा. सध्याच्या पोस्ट, हालचाली असलं काही लिहू नका.

जुना इन्फंट्रीवाला, होटगी रोड
मी ८८ साली शांतिसेनेत, श्रीलंकेत. जाफना हातातून गेल्यावर एलटीटीईवाले, म्हणजे तिथले तमिळ बंडखोर, मुल्लैतिवूकडच्या जंगलात शिरले आणि त्यांच्यामागं आम्ही. मी सेकंड लेफ्टनंट, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि आमच्या सुभेदारसाहेबांची नोकरी माझ्या वयाएवढी.

अंधारातच स्टँड टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन खंदकात, तोंड बाहेर, उजाडेपर्यंत. मग अर्धे हत्यार साफ करणार, अर्धे पहारा देणार. त्यानंतर माझं मुख्य काम, पोरांचे पाय बघणं! बूट काढ, बोटं फाकव, चिखल्या झाल्यात का बघ, पावडर टाक. इकडं ज्वारी पेरून मोकळे होतात तेव्हा तिकडचा पाऊस सुरू होतो, त्यामुळं मोजे कधी वाळायचेच नाहीत. पायवाट दिसली की तिच्यावरून जायचं नाही, सुरुंग असणार, म्हणून काटेरी झाडीतून वाट काढायची, तासाला पाचशे मीटर झाले तरी खूप. आमच्याकडं एसएलआर रायफल, लांबलचक, वेलीत अडकणारी, मॅगझिनमध्ये २० गोळ्या. समोरच्याकडं एके-४७, ३० गोळ्या.

आणखी एक काम असतं जे कुणी सांगत नाही. जवान गेला की त्याच्या सामानाची यादी ऑफिसरनं करायची. एकाच्या ट्रंकेत घराच्या बांधकामाचा हिशेब होता, विटा किती, सिमेंट किती, वाळूवाल्याचे किती द्यायचे. तो कागद मी यादीत 'कागदपत्रे' म्हणून लिहिला, दुसरं काय लिहिणार.

रिटायर्ड हवालदार, मोहोळ
साहेब बरोबर बोलले पण पिट्टू, म्हणजे पाठीवरचं ओझं, कोण उचलायचं ते राहिलं की 😄 मी नागालँड, मणिपूर केलंय. तिकडं जळवा. बुटाच्या नाडीच्या भोकातनं आत जातात, कळत पण नाही, बूट काढल्यावर मोजा लाल. आम्ही तंबाखू ओल्या फडक्यात बांधून मोज्यावर चोळायचो. मच्छरासाठी डीएमपी तेल, त्याचा वास अजून नाकात हाय. नवीन लेफ्टनंट आला की आम्ही एकच बघायचो, रेडिओ सेटची जादा बॅटरी कोण उचलतंय. स्वतः उचलली तर साहेब कामाचा. नकाशा काय, सगळेच वाचतात.

बहीण, भवानी पेठ
माझा भाऊ मणिपूरला कॅप्टन होता. त्याआधी मिझोराममधल्या वैरेंगटेला जंगल वॉरफेअरच्या शाळेत कोर्स केला, तिथून आला तेव्हा आईनं दारात ओळखलंच नाही इतका वाळलेला. आम्ही ९९ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्यावर शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवायचो. भाकरीचा भुगा होऊन पोचायचा, तो लंगरच्या, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघराच्या डाळीत टाकून सगळ्यांनी खाल्ला म्हणे. सुट्टीत आला की पहाटे चारला उठून बसायचा. गड्ड्याच्या यात्रेला शोभेचं दारूकाम बघायला घरातले सगळे गेले, तो म्हणाला मी घर सांभाळतो. आम्ही आग्रह केला नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ताईला वाचून दाखवलं, रडली नाही, उलट मोजे पाठवायचेत म्हणते. कसले घेऊ?

रिटायर्ड हवालदार, मोहोळ
नायलॉनचे नको, लोकरीचे घ्या. आणि एकट्याला पाठवू नका, चार-पाच जोड्या टाका, पहिली जोडी तो बडीला, म्हणजे जोडीदाराला देणारच.