मदत हवी आहे: कॅमेरा तिरका केला की इमारत खाली निमुळती होते

चाळीतला_पोरगा
तातडीचं आहे. रविवारी सकाळी आमच्या चाळीची सभा आहे, पुनर्विकासाची. नव्या इमारतीचा व्हिडिओ माझ्या गळ्यात पडलाय (घरचाच पोरगा, म्हणजे फुकट). इमारत जरा वरून, कोपऱ्यातून दाखवायची आहे. मजले एकेक करून बसतात ते सगळं झालंय. पण कॅमेरा तिरका केला की इमारत खाली खाली निमुळती होत जाते. काल कच्चा व्हिडिओ दाखवला तर तळमजल्याचे नाना म्हणाले, "वरच्यांच्या खोल्या ऐसपैस, आमच्याच का चिंचोळ्या?" आता त्यांना पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसतं ते) कोण समजावणार! फ्रंट आणि टॉप व्ह्यूत सगळं सरळ दिसतं, रेंडर केलं (पक्का व्हिडिओ काढला) की परत तेच. सेटिंग कुठे असतं?

फुगडी
कशातलं सेटिंग? सॉफ्टवेअरचं नाव तर लिहा.

मुक्तस्रोत
ब्लेंडर घ्या. कॅमेरा निवडा, लेन्सचा टाइप ऑर्थोग्राफिक (लांबचं लहान न दाखवणारा) करा, स्केलने फ्रेम बसवा. दोन क्लिकचं काम, तेही फुकट.

चाळीतला_पोरगा
अहो आफ्टर इफेक्ट्स, दुसरं काय! साठ-सत्तर लेयर आहेत, आता ब्लेंडर नको.

दादर_पश्चिम
रॅम किती आहे? माझं १६ जीबीवर फार अडायचं, ३२ केल्यापासून सुख आहे.

रेंडरबाबा
रॅमचा इथे काय संबंध? कॉम्पचा (कॉम्पोझिशनचा, म्हणजे व्हिडिओच्या चौकटीचा) आकार सांगा. आणि कॅमेरा वन-नोड (मोकळा) की टू-नोड (एका बिंदूकडे रोखलेला)?

चाळीतला_पोरगा
१९२० बाय १०८०. नोडचं माहीत नाही, ५० मिमी निवडून ओके केलं होतं.

रेंडरबाबा
मग ऐका. फ्रंट, टॉप, लेफ्ट हे व्ह्यू फक्त काम करताना बघायला. रेंडर ॲक्टिव्ह कॅमेऱ्यातूनच होतं, आणि आफ्टर इफेक्ट्सच्या कॅमेऱ्याला ऑर्थोग्राफिकचं बटण नाही. जुगाड एकच: कॅमेरा लांब न्या आणि तितकाच झूम वाढवा. तुमच्या ५० मिमीचा झूम साधारण २६६७ पिक्सेल आहे. त्यात ४०० पिक्सेल पुढे असलेली वस्तू जवळपास १८ टक्के मोठी दिसते. झूम ५०००० आणि कॅमेरा झेडवर उणे ५०००० ठेवलात तर तोच फरक १ टक्क्याच्या आत येतो. नानांना दिसणार नाही.

दोन नल (व्हिडिओत न दिसणारे रिकामे लेयर) घ्या, दोन्ही थ्रीडी, इमारतीच्या मधोमध. पहिल्याला वाय रोटेशन ४५. दुसरा पहिल्याला पेरेंट (म्हणजे जोडा, पहिला फिरला की दुसराही फिरतो), त्याची पोझिशन शून्य आणि एक्स रोटेशन ३५.२६. चिन्ह उलटं पडलं तर इमारत खालून दिसेल, मग उणे करा. कॅमेरा वन-नोड करून दुसऱ्या नलला पेरेंट करा, त्याची रोटेशनं शून्य, पोझिशन ०, ०, उणे ५००००. दोन्ही कोन एकाच नलात कोंबू नका, आधी कुठला फिरतो यात घोळ होतो.

फुगडी
३५ कुठून आलं? आयसोमेट्रिक म्हणजे ३०. मी कायम ३० च ठेवते, छान दिसतं.

टी_स्क्वेअर
आम्ही आयटीआयला ड्राफ्ट्समन होतो, ३०-६० च्या सेटस्क्वेअरने आयसोमेट्रिक काढून बोटं काळी व्हायची. ३० अंश हा कागदावरच्या रेषेचा कोन, आडव्या रेषेपासूनचा. बघणाऱ्याची नजर मात्र ३५.२६ अंशांनी खाली झुकलेली असते, तेव्हाच तिन्ही कडा सारख्या आखडतात (१०० ची सुमारे ८१.६५). झुकाव ३० ठेवलात तर जुन्या व्हिडिओ गेमसारखं दिसतं, दोन घरं आडवं एक घर उभं. चूक नाही, पण ते आयसोमेट्रिक नव्हे.

फुगडी
बरं काका. छान दिसतं एवढंच म्हटलं होतं.

मुक्तस्रोत
एवढ्या खटपटीत ब्लेंडर शिकून झालं असतं.

रेंडरबाबा
शिकवायला शनिवारी तुम्ही जाणार का त्यांच्याकडे?

दादर_पश्चिम
अवांतर: कार्पेट किती मिळतंय? बीडीडी चाळवाल्यांना १६० चौरस फुटांच्या खोलीचं ५०० झालं. सही करण्याआधी बिल्डरकडून लेखी घ्या.

चाळीतला_पोरगा
कार्पेटचं सभेत. @रेंडरबाबा, केलं सगळं तसंच. कडा सरळ झाल्या, पण आख्खी इमारत धुक्यात गेली. खिडक्यासुद्धा ओळखू येत नाहीत.

रेंडरबाबा
डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या अंतराबाहेरचं धूसर करणारं सेटिंग) चालू आहे ना? हे आधी सांगायला हवं होतं. कॅमेरा ५०००० वर नेलात, फोकस अजून २६६७ वरच असणार. बंद करून टाका, ऑर्थोग्राफिकमध्ये त्याचं काही काम नाही. आणि इमारत मोठी दिसायला हवी असेल तर कॅमेरा पुढे आणत बसू नका, हजार पिक्सेल आणलात तरी ढिम्म फरक पडणार नाही. फक्त झूम वाढवा: १००००० केलात की दुप्पट.

चाळीतला_पोरगा
जमलं! चालूच होतं, मागच्या कुठल्या तरी कामातलं. आत्ता गॅलरीत लॅपटॉप नेऊन नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर बोट टेकवून एकेका मजल्याच्या खिडक्या मोजल्या आणि म्हणाले, "हं, सारख्या आहेत. पण लिफ्ट कुठाय?" लिफ्टच्या लेयरचा डोळा बंद राहिला होता.

नवखा_एडिटर
माझ्या प्रीमियरमध्ये आवाजच येत नाहीये. इथेच विचारलं तर चालेल का?