येऊरच्या जंगलातला वसंत मुलांना कसा दाखवावा?

प्रश्न : मी ठाण्यातील एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकवते. फेब्रुवारीच्या अखेरीस रीतसर परवानगी काढून आम्ही तीस मुलांना येऊरला नेले होते. वसंत म्हणजे हिरवीगार झाडे असे मनात धरून आलेली मुले उघड्या फांद्या आणि पायाखाली वाजणारा पाचोळा पाहून हिरमुसली. एकीने विचारले, "बाई, इथे वसंत आलाच नाही का?" मला तिचे समाधान करता आले नाही. मार्चअखेर पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी मुलांना नेमके काय दाखवावे?

प्रतिसाद १ : त्या मुलीने जे पाहिले ते बरोबरच पाहिले. आपले जंगल पानझडीचे आहे. पाऊस संपून चार महिने उलटले की पाण्याची बचत करण्यासाठी बहुतेक झाडे पाने टाकतात, आणि पांगारा, काटेसावर, पळस यांची फुले त्याच उघड्या फांद्यांवर येतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे ती पक्ष्यांना लांबूनही दिसतात. खाली पडलेले काटेसावरीचे एक फूल मुलांच्या हाती द्यावे. पाच जाड, गुळगुळीत पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी बहुधा एखादी मुंगी असते. पळसाच्या फुलाची पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळीही दाखवावी. मध प्यायला आलेल्या साळुंकीच्या कपाळाला पराग लागतो, हे एकदा पाहिले की परागीभवन वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रतिसाद २ : मार्चअखेर जाणार असाल तर कोशिंब अवश्य शोधा. तिची कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून झाड फुलल्याचाच भास होतो. मुलांना जवळ नेऊन ते लोंबणारे मऊ पान बोटांनी हळूच चाचपू द्यावे आणि शेजारच्या आंब्याचे जुने, कडक पानही हातात द्यावे. पाऊस दोन महिने लांब असताना, ऐन उन्हात ही पालवी फुटते, ही गोष्ट मला स्वतःला आजही थक्क करते. चैत्रपालवी हा शब्द मुलांना ठाऊक असतो, पण त्यातला लाल रंग त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो.

प्रतिसाद ३ : वरील दोन्ही सूचना चांगल्या आहेत, मात्र एका सहलीत सगळे दाखवण्याचा अट्टहास नसावा असे मला वाटते. मुलांना पाच मिनिटे गप्प बसवून केवळ ऐकायला सांगा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्-टुक् आवाज एका लयीत येत राहील. तो तांबट पक्षी, आणि त्याचे नाव त्या आवाजावरूनच पडले आहे. बाकीचे काम शाळेतच करता येते. 'सीझनवॉच' या उपक्रमात मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले आणि फळे नोंदवतात. वसंत हा बदल आहे, आणि बदल टिपायचा तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते.

प्रश्नकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. आमच्या शाळेच्या फाटकाजवळ एक करंज आहे. गेल्या आठवड्यात त्याची पाने पिवळी पडून गळत होती आणि मी शिपाईकाकांना ती झाडून टाकायला सांगितली होती. सोमवारी पहिली नोंद त्याचीच करू, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडेच वही देईन.