पहिलीच क्रूझ : सामान, घड्याळ आणि जहाजावरच्या रीतीभाती

कोरडे_पाय
सात रात्रींची क्रूझ ठरली आहे, बरोबर सत्तरीतले आईवडील. कंपनीने पाठवलेल्या चाळीस पानी पीडीएफमध्ये कामाचं नेमकं कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून इथे विचारते. हातातल्या बॅगेत काय ठेवायचं? केबिनमध्ये दोनच सॉकेट दिसतात, एक्स्टेन्शन बोर्ड चालतो का? बोट लागू नये म्हणून काय करावं? बंदरावर स्वतः फिरावं की जहाजाचीच सहल घ्यावी? आणि नवखे लोक कुठे चुकतात, म्हणजे इतरांना ताप होईल असं, तेही सांगा.

डेक_सहा
मोठ्या बॅगा बंदरावरच द्यायच्या असतात. त्या तपासून केबिनच्या दाराशी येईपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. तोवर लागेल ते सगळं जवळ ठेवा: पासपोर्ट, चार्जर, चष्मे, पोहायचे कपडे आणि औषधं. औषधं त्या दिवसापुरती नाही, सगळीच्या सगळी.

सर्ज प्रोटेक्टरवाला (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) बोर्ड तपासणीत काढून घेतात, आणि त्याला कारण आहे. घरच्या वायरिंगमध्ये एक तार लाइव्ह, दुसरी न्यूट्रल. जहाजावर बहुधा दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत जिवंत असतात. सर्ज प्रोटेक्टरमध्ये तारेपासून अर्थकडे जाणारा भाग असतो. जहाजाच्या वायरिंगमध्ये कुठे दोष आला की त्या भागावर जादा ताण येतो, तो तापतो आणि पेटूही शकतो. आता बऱ्याच कंपन्या साधा बोर्डही चालू देत नाहीत. चार-पाच पोर्टचा यूएसबी चार्जर न्या, भागतं. इस्त्री, किटली, मेणबत्ती यांचं नावच काढू नका. त्याऐवजी चुंबकाचे हुक न्या. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, टोप्या, ओले कपडे, कागद सगळं त्यावर टांगता येतं.

मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याची तालीम, चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली, ३२ जण गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ड्रिलला चोवीस तासांची सवलत होती, त्यामुळे त्या दिवशी चढलेल्यांची ड्रिल अजून झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. हल्ली पुष्कळ जहाजांवर व्हिडिओ बघून आपल्या मस्टर स्टेशनवर कार्ड स्कॅन करून यायचं असतं, दहा मिनिटांचं काम. आईवडिलांना जिन्याने तिथवर एकदा नेऊन आणा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा त्यांच्या कानात बसू द्या.

खारा_वारा
बोट लागण्यावरचा उपाय केबिन निवडतानाच सुरू होतो. जहाज मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी हलतं. बाल्कनीच्या हौसेने लोक सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक घेतात, म्हणजे पाळण्याच्या टोकाला बसल्यासारखं. पुढच्या केबिनमध्ये पहाटे बंदरात शिरताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची, घरघर वेगळीच. नकाशा उघडून वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना ते बघा. डोक्यावर पूल डेक आला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज ऐका.

गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी किमान चार तास आधी लावतात, ती तीन दिवस चालते. पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती घातक ठरू शकते आणि ज्येष्ठांना भ्रम होऊ शकतो, तेव्हा आईवडिलांसाठी आधी डॉक्टर. मळमळ जाणवलीच तर आडवं पडून फोन बघण्यापेक्षा उघड्या डेकवर क्षितिजाकडे नजर लावून उभं राहा.

तळघर_ते_डेक
इतरांना ताप होईल ते माझ्याकडून.

टॉयलेट निर्वातावर चालतं, पाइप अरुंद. त्यात टॉयलेट पेपरशिवाय काही टाकलं, विशेषतः ओले वाइप्स, तर अख्ख्या रांगेतल्या केबिनचे फ्लश बंद पडतात. पाकिटावर 'फ्लश करता येईल' लिहिलेलं असलं तरीही.

बुफेच्या दाराशी सॅनिटायझर चोळून समाधान मानू नका. नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद. दुसऱ्यांदा वाढून घेताना नवी प्लेट घ्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर लपवू नका, वैद्यकीय कक्षाला फोन करा. केबिनमध्ये थांबावं लागेल, पण आजार तिथेच अडतो.

बाल्कनीत सिगारेट नाही. २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस जहाजावर बाल्कनीतून आग पसरली, एक प्रवासी गेला. टाकून दिलेली सिगारेट हेच कारण असावं असं चौकशीत मानलं गेलं. बाल्कनीचं दार उघडं ठेवून एसी चालवू नका: दमट हवा आत येते, जाळीतून पाणी ठिबकतं, काही जहाजांवर एसी आपोआप बंदच होतो. आणि बाल्कनी व केबिनची दारं एकाच वेळी उघडू नका. वारा दार असा आपटतो की चौकटीवरची बोटं चिरडतात.

सकाळी सहाला टॉवेल टाकून खुर्ची अडवायची आणि अकराला यायचं, हा सगळ्यांत जास्त भांडणं लावणारा उद्योग. बरेच कर्मचारी अर्ध्यापाऊण तासाने सामान उचलून नेतात, आणि योग्यच करतात.

कोरडे_पाय
मंडळी, फारच उपयोगी. बंदरावरच्या सहलीचं राहिलं. आणि टीप रोज आपोआप कापतात म्हणे, ती काढून टाकता येते का?

डेक_सहा
बऱ्याच कंपन्यांत येते, पण काढू नका. ती रक्कम केबिन आणि जेवणघरातल्या लोकांसकट पडद्यामागच्यांतही वाटली जाते. तक्रार असेल तर त्याच दिवशी रिसेप्शनवर सांगा, म्हणजे दुरुस्त तरी होईल. बिल मात्र रोज तपासा. डेबिट कार्ड लावलं तर रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड बरं.

खारा_वारा
सहलीबाबत: जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात तर तुमचं तुम्ही. बंदराजवळच फिरायचं असेल तर स्वतः जा, दोन तास लांबच्या ठिकाणी जहाजाबरोबर. 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती जहाजाच्या घड्याळाची. फोन किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ घेऊन बसतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजावर लावून घ्या. दैनिक पत्रकावर पोर्ट एजंटचा (बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा) नंबर असतो, त्याचा फोटो काढा. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या महागड्या रोमिंगला तो आपणहून चिकटतो.

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर नावाच्या छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. कडेला उभा खलाशी हात पुढे करील तेव्हा त्याचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा भाग धरा; तोही तुमचा तसाच धरतो, ओला हात निसटत नाही. बोट लाटेवर वर येऊन पायरीच्या पातळीला आली आणि तो 'आता' म्हणाला की पाऊल टाका, उडी नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. आईवडिलांना जमणार नाही असं वाटलं तर आधी विचारून घ्या. समुद्र खवळलेला असला तर चाकाची खुर्ची घेत नाहीत.

तळघर_ते_डेक
एक राहिलं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा साधारण अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावरच परत भेटतात. सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट लोक आठवणीने काढून ठेवतात. बूट मात्र बॅगेत जातात.