सातवीची मुलं इंग्रजी वाचतात, लिहितात पण बोलत नाहीत, काय करावं?

झेडपी_मॅडम
नमस्कार सगळ्यांना. मी जि.प. शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. पोरं धडा वाचतात, प्रश्नोत्तरं लिहितात, स्पेलिंग पाठ असतात, पण साधं ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. आपल्याकडे २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे या मुलांचं हे सातवं वर्ष, तरी तोंडातून वाक्य निघत नाही. तीन-चार पोरी बोलतात, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. वर्गात ३८ मुलं, तास ४० मिनिटांचा, घरी इंग्रजी कुणाच्याच कानावर पडत नाही. संवाद पाठ करून घेतले, गॅदरिंगला छान म्हणून दाखवले, पण त्यातला एक शब्द बदलून विचारलं की गाडी अडते. कुणी प्रत्यक्ष वर्गात केलेलं असेल तर सांगा, पुस्तकी नको प्लीज.

गुरुजी_पैठणकर
मॅडम, तुम्ही विचारता त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि पोरांनाही ते कळतं, मग बोलायची गरजच कुठे उरली? गरज तयार करा. याला इन्फर्मेशन गॅप म्हणतात, म्हणजे एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नसते, ती विचारूनच मिळते. इंग्रजी शिक्षकांसाठीच्या तेजस प्रकल्पाच्या टॅग मीटिंगांना, म्हणजे शिक्षकांच्या गटबैठकांना, गेलेल्यांना माहीत असेल.

मी एसटीचं वेळापत्रक वापरतो. ‘अ’ कागदावर जालना, बीड, शेवगाव गाड्यांच्या सुटायच्या वेळा लिहिलेल्या पण तिकिटाचा रकाना कोरा, ‘ब’ कागदावर बरोबर उलटं. जोडीला पाठीला पाठ लावून बसवायचं, म्हणजे कागदात डोकावता येत नाही आणि मोठ्यानं, स्पष्ट बोलावंच लागतं. फळ्यावर फक्त ‘व्हॉट टाइम डज द जालना बस लीव्ह?’ आणि ‘हाऊ मच इज द टिकिट टू बीड?’ एवढी दोन वाक्यं. सुरुवातीला ‘जालना बस टाइम?’ असंच येईल, येऊ द्या. मग बघा, एकजण ‘फिफ्टीन’ म्हणतो, दुसरा ५० लिहितो, शेवटी कागद ताडून बघितले की चूक सापडते आणि पुढच्या वेळी तोच पोरगा आपणहून ‘नो नो, फिफ्टीऽऽन, वन फाइव्ह’ असं फोड करून सांगतो. हे मी कधी शिकवलं नव्हतं, समोरच्याला कळावं म्हणून त्यानं स्वतः काढलं. बोलणं शिकणं म्हणतात ते हेच.

आणि हिशोब करा, एकेकाला उभं केलं तर ४० मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतं. १९ जोड्या एकदम बोलल्या तर दहा मिनिटांतच प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. गोंगाट होतो, होऊ द्या, हेडसरांना आधी सांगून ठेवा.

चुका मधेच सुधारू नका. फिरत राहा, वहीत टिपून घ्या, शेवटी चार-पाच वाक्यं कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा आणि त्यांनाच दुरुस्त करायला लावा.

इंग्लिश_ओन्ली
जोड्या ठीक आहेत पण इंग्रजीच्या तासाला मराठी पूर्ण बंद करा. मी तेच करतो. मराठी चालते म्हटलं की मुलं कष्ट घेत नाहीत, आपण पाठ फिरवली की लगेच मराठीत सुरू.

विदर्भातली_बाई
सर, मला हे पटत नाही. बंदी घातली की जी पोरगी आधीच घाबरलेली असते ती पूर्णच गप्प होते आणि आपल्याला वाटतं वर्ग शिस्तीत चाललाय. कृती समजावताना, काय बोलायचं ते जोडीत ठरवताना मराठी असू दे, प्रत्यक्ष बोलताना इंग्रजी. अडलं की वापरायला ‘लेट मी थिंक’, ‘से इट अगेन प्लीज’, ‘हाऊ डू यू से धिस?’ अशी वाक्यं भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे आठवत नसलं तरी बोलणं तुटत नाही.

अजून एक, तेच पुन्हा बोलायला लावा. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये ४/३/२ या पद्धतीवर लिहिलं होतं, एकच गोष्ट तीन वेगळ्या ऐकणाऱ्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. सातवीला चार मिनिटं फार होतात, मी दीड मिनिट, एक मिनिट, पाऊण मिनिट असं करते. विषय त्यांचाच, पोळ्याला बैल कसा सजवला वगैरे. पहिल्या वेळी शब्दाशब्दाला अडखळतात, तिसऱ्या वेळी वाक्यं सलग येतात. मात्र आधी दोन मिनिटं विचार करायला द्या, हे विसरू नका, सगळा फरक तिथेच पडतो.

झेडपी_मॅडम
खूप आभार सगळ्यांचे! वेळापत्रकाचे कागद आजच करायला घेते. एक शंका, मार्क कसे द्यायचे? ३८ जणांची तोंडी घेताना शेवटी पाठ केलेली कविताच ऐकली जाते.

हायस्कूलवाला
मॅडम, दहावीलाही हेच दुखणं आहे. २०१९ च्या बॅचला भाषांचे अंतर्गत, म्हणजे तोंडी वगैरेचे, २० मार्क काढून टाकले, निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला, पुढच्या वर्षी मार्क परत आले, पण तेव्हाही चर्चा मार्कांचीच जास्त झाली, मुलं बोलतात का यावर कुणी फारसं बोललं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही एका दिवसात सगळ्यांची तोंडी घेऊच नका. जोडीकाम चालू असताना रोज चार-पाच मुलांजवळ थांबून ऐका आणि तीनच गोष्टींची नोंद करा, समोरच्याला कळलं का, प्रश्न स्वतः विचारला का, अडल्यावर सावरलं का. दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. उच्चार आणि व्याकरणाचे मार्क पहिल्या सत्रात धरू नका, दुसऱ्या सत्रात थोडे धरा.